'काकू, थंड घ्या' म्हणणाऱ्या वाचकास

'नाशिककर' या नावाने तुम्ही मागच्या लेखाखाली लिहिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. पहिल्यांदा चष्मा नव्हता, वाटलं आपणच चुकीचं वाचतोय. दुसऱ्यांदा चष्मा लावून. तिसऱ्यांदा सुनेने मोठ्याने वाचून दाखवली आणि तीही हसली, हे कळून तुम्हाला बरं वाटेल. आमच्या ह्यांचं म्हणणं, उत्तर देत बसू नकोस. पण देतेय.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी सांगते. मी नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या गल्लीबद्दल लिहिलं होतं. बैठी घरं पाडून तीन-तीन मजले चढतायत, खोल्या बाहेरच्या पोरांना भाड्याने जातायत, अशात शेजाऱ्याचा त्रास सुरू झाला तर काय करावं? वहीत तारीख-वेळ लिहून ठेवा, आधी चहाला बोलवा, पोलीस सगळ्यात शेवटी, असं माझं म्हणणं. सकाळी सातच्या आत बांधकामाची यंत्रं चालवता येत नाहीत, असंही लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत: "काकू, थंड घ्या. तुमचं शिलाई मशीन तीस वर्षं त्याच भिंतीला लागून खडखडत होतं, तेव्हा शेजारी गेले का कुणाकडे तक्रार घेऊन? सकाळी सातचा नियम तुम्ही मनाने लिहिलाय. वही लिहीत बसलात तर तिकडे स्लॅब टाकून होईल, अर्ज आधी द्यायचा असतो. आणि 'बाहेरची पोरं' म्हणताना तुम्ही सिडकोत कुठून आलात तेही सांगा."

तुमचं खरं ते आधी मान्य करते, नाहीतर म्हणाल काकू हेकट आहेत. सात नव्हे, सहा. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रात्र म्हणजे दहा ते सहा, आणि 2010 च्या दुरुस्तीने राहत्या वस्तीत रात्री बांधकामाची आवाज करणारी यंत्रं चालवायला मनाई आली. म्हणजे शेजारचा ब्रेकर, भिंती फोडायचं ते यंत्र, सकाळी सव्वासहाला सुरू झाला तरी वेळेचा नियम मोडला नाही. दिवसा 55 डेसिबलची मर्यादा उरते, पण ती मोजायचं मीटर काय मी मिसळणाच्या डब्यात ठेवते? लेखात दुरुस्ती केली आहे. तुमच्या कृपेने माझी झोप कायदेशीररीत्या एका तासाने कमी झाली.

आता 'थंड घ्या'. हे तुम्ही तुमच्या घरात कुणाला म्हणता? आईला म्हणता? मी चौसष्ट वर्षांची आहे. तुम्ही समोर असतात तर म्हणाला नसतात. टोपणनावाआडून जीभ जरा सैल सुटते, एवढंच. वेगळं मत असायला माझी ना नाही, पण बोलायची काही रीत असते की नाही?

आणि मशीन. माझ्याच एका जुन्या लेखातून तुम्ही ते उचललंत, म्हणजे वाचता मन लावून, त्याबद्दल आभार. पण अर्धंच वाचलंत. आम्ही 1987 साली या घरात आलो. वन रूम किचन, पुढे एवढासा ओटा, शेजाऱ्यांची आणि आमची भिंत एकच. ह्यांची नोकरी अंबडला एमआयडीसीत, तिन्ही पाळ्या. 1989 ला मी उषाचं पायमशीन घेतलं. खिडकीचा उजेड जिथे पडायचा तिथेच ते बसणार, आणि उजेड पडायचा त्या सामाईक भिंतीपाशी. मी येवल्याची, त्यामुळे पैठणीवरच्या ब्लाउजचं काम माझ्याकडे पार पाथर्डी फाट्यावरून यायचं. लग्नसराईत रात्री साडेअकरापर्यंत पाय चालायचा. हो, खडखडत होतं. नाकारलंय कुणी?

आता शेजारी काय करायचे ते ऐका. पलीकडे शिरपूरकडच्या वहिनी होत्या. त्यांचं धाकटं तेव्हा तीन-चार महिन्यांचं. एका दुपारी त्या आल्या, हातात जुन्या सायकलच्या टायरचे चार तुकडे. म्हणाल्या, हे मशीनच्या पायांखाली घाल. मला आधी राग आला होता, खोटं कशाला बोलू. तुकडे घातले. तरी थोडा आवाज जायचाच, मग आमचं ठरलं. बाळ झोपलं की त्या भिंतीवर एकदा टकटक करायच्या, मी थांबायचे. उठलं की दोनदा, मी सुरू. मी थांबायचे म्हणजे शिलाई अर्धी टाकून थांबायचे, सुई कापडात तशीच रुतलेली. मग हूक लावत बसायचे, अस्तर कापायचे, बॉबिन भरायचं काम सुद्धा पुढे ढकलायचे, कारण त्यालाही चाक फिरवावं लागतं. ते बाळ आता पुण्यात नोकरीला आहे. त्याच्या मुंजीला वहिनीचं ब्लाउज मीच शिवलं, पैसे घेतले नाहीत.

तेव्हा 'शेजारी गेले का तक्रार घेऊन' याचं उत्तर असं, की गेले ना. माझ्याकडेच आले. भिंतीवरून रोज तक्रार यायची आणि रोज मिटायची.

आता आजचं बघा. वहिनींनी 2021 ला घर विकलं. ज्यांनी घेतलं ते गंगापूर रोडला राहतात. इथे एक रात्र झोपलेले नाहीत. जुनं घर पाडायला ब्रेकर लावला तेव्हा मी मशीनवरच होते. बटणांची काचेची बरणी फडताळातून सरकत सरकत कडेला आली, मी उठेपर्यंत खाली. माळ्यापासून स्विचबोर्डापर्यंत तडा गेलाय. पोस्टकार्ड आत सरकवलं तर अर्धं जातं, करून पाहिलंय. एका बाईच्या मोरपिशी ब्लाउजपीसवर प्लास्टरचा चुरा पडला, तो मी टाचणीने वेचत बसले, झटकला असता तर जरीत घासला असता. त्या दिवशी मी काय केलं असेल? भिंतीवर एकदा टकटक केली. सवयीने. पलीकडे बिहारकडचे दोन मजूर होते, त्यांना वाटलं आतून कुणीतरी खिळा ठोकतंय. मालकांना फोन केला तर म्हणाले, ठेकेदाराशी बोला. ठेकेदार म्हणाला, मालकांशी बोला.

माझं मशीन आणि त्यांचा ब्रेकर तुम्ही एका तराजूत घातलेत, त्याचा राग आला तो यासाठी. माझ्या मशीनमागे मी बसलेली असायचे. तिकडे आता कोण बसलंय?

राहिलं अर्जाचं. 1966 च्या एमआरटीपी म्हणजे नगररचनेच्या कायद्याचं कलम 53, त्याखाली बेकायदा बांधकामाला येणारी नोटीस, महापालिकेचा नगररचना विभाग, हे सगळं मला ठाऊक नाही असं समजू नका. सिडकोच्या सहाही स्कीममध्ये परवानगीपेक्षा जास्त बांधलेलं घर शोधायला दुर्बीण लागत नाही. प्रत्येकाने अर्ज करायचा म्हटलं तर झालंच. आणि शेजारचा शेवटचा स्लॅब एप्रिलमध्ये टाकून झालाय, त्यामुळे तुमचा तो मुद्दा आता तसाही निकालात निघाला.

आणि 'बाहेरची'. मी येवल्याची, हे नांदगावचे, वहिनी शिरपूरच्या. अख्खी गल्ली अशीच भरली, तेव्हा आम्हीही बाहेरचेच, असं तुम्हाला म्हणायचंय. म्हणा. पण आम्ही राहायला आलो होतो, अकरा महिन्यांच्या करारावर नाही. पोरं वाईट आहेत असं मी कुठेही लिहिलेलं नाही. त्यातल्या एकाने परवा माझा सिलेंडर आत आणून दिला, न सांगता. नाव विचारायचं राहिलं.

तुम्हाला पटलं नसेल तर पवननगरपर्यंत या, तिथून कुणालाही ब्लाउजवाल्या काकू विचारा. हो, काकूच विचारा, त्यांनाच कळतं. पोस्टकार्ड मी तड्यातच ठेवलंय.

अजून लिहिलं असतं, पण नळाला पाणी आलंय. शेजारच्या तिन्ही मजल्यांच्या मोटरी लागायच्या आत मला दोन हंडे भरून घ्यायचेत.