गाडी मागच्या दारापासून बघा

दसरा-दिवाळी जवळ आली की आमच्या इंदूरच्या सुदामा नगरात मधल्या साइजची एसयूव्ही कोणती घ्यावी हा प्रश्न सुरू होतो. "दादा, क्रेटा घेऊ की सेल्टॉस? ग्रँड विटारा कशी आहे? एलिव्हेट?" प्रत्येकाला एका वाक्यात उत्तर हवं असतं, आणि माझं उत्तर ठरलेलं आहे: शोरूममध्ये आईला घेऊन जा आणि गाडी मागच्या दारापासून बघायला सुरुवात कर. लोक हसतात. सेल्समन तर हमखास हसतो, कारण त्याला गाडी समोरून दाखवायची असते. ही एवढी मोठी ग्रिल, या टोकापासून त्या टोकापर्यंत पेटणारी लाइटची पट्टी, आत शिरलात की दोन स्क्रीन. यंदा तेच तेच सांगण्यापेक्षा सगळं लिहूनच टाकतो.

माझ्या मते या मधल्या साइजच्या एसयूव्हींनी आपल्याकडे बाजी मारली ती सीटच्या उंचीमुळे. बाकी सगळं नंतर. सेडानमध्ये आईला अक्षरशः खाली पडावं लागायचं, आणि उतरताना एक हात दाराला, एक माझ्या खांद्याला. बोलेरोसारख्या खऱ्या उंच गाडीत चढायला पायरी लागते. या गाड्यांत सीट बरोबर मधे येते. आई आधी टेकते, मग दोन्ही पाय एकदम आत घेते, झालं. गुडघे दुखणाऱ्या घरांनी २०१२ला डस्टर आणि २०१५ला क्रेटा आल्यावर सेडानकडे पाठ का फिरवली, हे कळायला एवढं दृश्य पुरे.

आता त्याच दारात थोडं खाली बघा. काही गाड्यांचं दार थेट खालपर्यंत येतं आणि उंबरठा झाकून टाकतं. काहींचं वरच संपतं, मग पावसाळ्यात सगळा चिखल उंबरठ्यावर बसतो आणि उतरताना साडीच्या काठाने तो पुसला जातो. माहेश्वरीचा काठ एकदा असा भरला की त्या गाडीबद्दल घरात काय मत होतं ते सांगायला नको. ब्रोशरमध्ये ही गोष्ट कुठेच नसते. दार किती उघडतं, चाकाची कमान सीटवर किती घुसली आहे, मधल्या माणसाच्या पायाशी केवढा उंचवटा आहे, हेही नसतं. मधल्या सीटवर स्वतः बसा. पाठीला आर्मरेस्टचा कडक ठोकळा टोचतो का बघा, आणि डोकं टेकायला काही आहे का तेही बघा. आपल्याकडे ती जागा रिकामी राहत नाही.

डिझायनर मंडळींवर माझा खरा राग खिडकीवरून आहे. काचेची खालची रेघ मागे जाताना वर चढवायची, मागचा खांब जाड करायचा, की गाडी उभी असतानाच धावल्यासारखी दिसते. रस्त्यावरून बघणाऱ्याला छान वाटतं हो! पण आत बसलेल्या सहा वर्षांच्या पोराला फक्त आभाळ आणि विजेचे खांब दिसतात. बाहेरचा रस्ता दिसला नाही की घाटात पोटात ढवळणार, आणि मग पिशवी शोधा. रिव्हर्स घेताना मागचं काही दिसत नाही ते वेगळंच, म्हणून वर कॅमेऱ्याचे पैसे.

सनरूफवर फार लिहीत नाही, अर्धी मित्रमंडळी रागावतील. इंदूरचा मे महिना, पारा बेचाळीसला, आणि डोक्यावर काच. पडदा लावून ठेवायचा आणि एसी वाढवायचा. उंच माणसाच्या डोक्यावरची दोन बोटं जागा जाते ती कायमची.

एसीची बटणं काढून सगळं स्क्रीनमध्ये घालणं मात्र मला धोक्याचं वाटतं. श्रावणात मांडूला जाताना काचेवर आतून वाफ धरते, समोर धुकं, आणि तुम्ही स्क्रीनवर बोट सरकवत बसता. २०२६ पासून युरोपात गाड्यांची सुरक्षा तपासून स्टार देणाऱ्या युरो एनकॅपनेही इंडिकेटर, वायपर, हॉर्न यांसारख्या गोष्टींना खरीखुरी बटणं असण्यावर गुण ठेवले आहेत. आपल्या कंपन्यांनी तिकडे बघून तरी शहाणं व्हावं.

"सगळ्या गाड्या सारख्याच का दिसतात?" असंही लोक विचारतात. याचं निम्मं उत्तर कर-खात्याकडे आहे. आधी चार मीटरपेक्षा लांब, १५०० सीसीच्या वर इंजिन आणि १७० मिमी किंवा जास्त ग्राउंड क्लिअरन्स (गाडीचं पोट रस्त्यापासून जेवढं वर तेवढं) असलं की जीएसटी आणि सेस धरून ५० टक्के. इंजिन १५०० सीसीच्या आत ठेवलं की ४५. म्हणून या वर्गात जो तो दीड लिटरच्या आत, आणि बहुतेकांची लांबी साधारण ४.२ ते ४.४ मीटर. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांना सरसकट ४० टक्के झालं, पण चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या गाडीला १८च. म्हणजे त्या फूटभर जास्तीच्या लांबीसाठी आपण बराच कर मोजतो. ती लांबी मागच्या सीटवर आणि डिक्कीत आली आहे की बंपरच्या फुगवट्यात गेली, हे विचारायचा आपला हक्क आहे. आणखी एक गंमत: करासाठी तो ग्राउंड क्लिअरन्स रिकाम्या गाडीचा मोजतात. पाच माणसं आणि डिक्कीभर सामान घेऊन कॉलनीतला स्पीडब्रेकर ओलांडा, मग कळेल त्यातला किती उरतो.

आता पळण्याबद्दल. एका शोरूमच्या सेल्समनने मला एकट्याला बायपासच्या सपाट रस्त्यावर फिरवलं आणि "सर, पिकअप बघा" म्हणाला. एकट्या माणसाला कुठलीही गाडी पळवते! आपली परीक्षा असते महेश्वरहून परतताना, धामनोदहून इंदूरकडे वर येताना. इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर, नर्मदाकाठ त्याच्या कितीतरी खाली. महेश्वरचं दर्शन, जेवण, पाच माणसं, एसी चालू, पुढे लोखंडाने लादलेला ट्रक. तिथे हॉर्सपॉवर नाही, टॉर्क म्हणजे चाक फिरवणारा जोर लागतो, आणि तोही कमी आरपीएमला, म्हणजे इंजिन सावकाश फिरत असतानाच. साध्या १.५ पेट्रोलमध्ये, क्रेटा घ्या की एलिव्हेट, १४४-१४५ न्यूटन मीटर मिळतो आणि तोही इंजिन बरंच फिरवल्यावर. दुसरा गिअर टाकायचा, इंजिन ओरडतं, मागून आई विचारते, "काय झालं रे गाडीला?" काही झालेलं नसतं. स्कोडा कुशाकचं १ लिटरचं टर्बो (जास्तीची हवा कोंबून जोर वाढवणारं) इंजिन आकाराने लहान असून १७८ देतं. क्रेटाच्या टर्बो पेट्रोलला २५३, डिझेलला २५०. तो फरक त्याच वाटेवरच्या गणपती घाटाच्या चढावर पाठीला कळतो. ट्रक पार करताना श्वास धरावा लागत नाही.

उतरण हा तर वेगळाच विषय. गणपती घाटात ब्रेक गेलेल्या ट्रकांनी इतके बळी घेतले की शेवटी उतरणाऱ्या वाहनांसाठी नवा रस्ता काढावा लागला. तरी आपली माणसं ऑटोमॅटिक गाडी डी-मध्ये टाकून सगळा घाट ब्रेकवर उतरतात. मॅन्युअल मोड त्यासाठीच दिलाय, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर उतरा. आणि ड्युअल क्लच (दोन क्लचवाली ऑटोमॅटिक) घेणार असाल तर राजवाड्याच्या गर्दीत ती इंचाइंचाने पुढे सरकवू नका, क्लच तापतो. जागा होऊ द्या, मग एकदम पुढे घ्या.

एसयूव्ही म्हणवतात म्हणून पातालपाणी धबधब्याकडच्या चिखलात उतरवू नका. बहुतेक सगळ्यांना फक्त पुढच्या चाकांना ताकद मिळते. ग्रँड विटारामध्ये ऑलग्रिपचा, म्हणजे चारही चाकांना ताकद देण्याचा पर्याय आहे, पण किती जण घेतात? उंची म्हणजे पकड नव्हे. ट्रॅक्टर बोलवावा लागतो आणि व्हिडिओ गावभर फिरतो.

बाकी थोडक्यात. १८ इंची चाकं फोटोपुरती, टायरचा रबर जेवढा जाड तेवढी मागच्यांची पाठ सुखात. फक्त शहरातच फिरणार असाल तर स्ट्राँग हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली) मला सगळ्यात शहाणी वाटते. ग्रँड विटाराचा कंपनीचा आकडा लिटरला २७.९७ किमीचा आहे, आणि जवाहर मार्गासारख्या गर्दीच्या ठिकाणी खरी बचत होते कारण इंजिन बराच वेळ बंदच असतं. पण बॅटरीने डिक्की खाल्लेली आहे, पुण्याला लग्नाला निघालात तर अर्धं सामान मांडीवर. वर्षातून चारदा सेंधव्याचा घाट चढून नाशिक-पुणे करणाऱ्याने डिझेल नाहीतर टर्बो घ्यावी. सुरक्षेसाठी क्रॅश टेस्टचे स्टार बघा, कुशाक आणि फोक्सवॅगन टायगुनला २०२२मध्ये ग्लोबल एनकॅपचे पाच मिळाले होते. आता आपली स्वतःची भारत एनकॅप टेस्टही आहे, त्यामुळे "आमच्याकडे टेस्ट होत नाही" ही सबब चालणार नाही.

टेस्ट ड्राइव्हला घरचे पाच जण घेऊन जा आणि राऊच्या पुढे चढाचा रस्ता मागा. सेल्समन कुरकुरेल, मॅनेजरला विचारतो म्हणेल. विचारू द्या. वीस लाख आपण देणार आहोत. सनरूफवाल्यांनी कमेंटमध्ये यावं, पोहे माझ्याकडून. आणि सात सीटवाली कोणती घ्यावी हे इथे विचारू नका, त्या तिसऱ्या रांगेवर मला बरंच बोलायचंय, ते पुढच्या रविवारी.