पांढरा एलईडी झाडांना चालतो, जांभळाच हवा असं नाही

घरातल्या झाडांसाठी दिवा घ्यायचा म्हटलं की एक सल्ला हमखास येतो: "जांभळाच ग्रो लाइट घ्या. झाडं फक्त लाल आणि निळा प्रकाश वापरतात, हिरवा वापरतच नाहीत. साधा पांढरा एलईडी म्हणजे फुकट वीज. आणि दिवा चोवीस तास ठेवा, वाढ दुप्पट होते." यातलं जवळजवळ सगळं चुकीचं आहे.

"हिरवा वापरतच नाहीत": हा समज पानातून वेगळ्या काढलेल्या हरितद्रव्याच्या आलेखावरून आला. त्या द्रावणात हिरवा प्रकाश कमी शोषला जातो, हे खरं. जिवंत पानात मात्र तो पेशींमध्ये इकडून तिकडे आदळत राहतो आणि बहुतांश शोषला जातो. संशोधक कीथ मॅक्री यांनी १९७२ मध्ये २२ प्रकारच्या पिकांची मोजमापं प्रसिद्ध केली. हिरव्या प्रकाशावरही प्रकाशसंश्लेषण चांगलं चालतं, हे त्यांत स्पष्ट दिसतं.

"पांढरा एलईडी फुकट": पांढऱ्या एलईडीत मुळात निळी चिपच असते. तिच्यावरचा फॉस्फर नावाचा लेप त्यातला काही प्रकाश हिरव्या, पिवळ्या, लाल रंगांत बदलतो. चांगले लाल डायोड तेवढ्याच विजेत जास्त प्रकाशकण देतात, म्हणून मोठ्या ग्रीनहाउसला ते परवडतात. घरात मात्र जांभळ्या उजेडात पानं काळपट दिसतात. पिवळेपणा किंवा लाल कोळी ही कीड वेळेवर लक्षात येत नाही.

मग पांढऱ्या दिव्याखाली झाडं लुकडी का होतात? अंतरामुळे. उघडा बल्ब पानापासून ३० सेंटीमीटरवरून २ मीटरवर नेला की पानावरचा प्रकाश सुमारे ४४ पट घटतो. छताचा दिवा झाडाच्या दृष्टीने जवळजवळ अंधारच. पेरं लांबतात, देठ दिव्याकडे झुकतात, आणि पाणी नेहमीइतकंच घातलं तर मुळं कुजतात.

हिशोब सोपा आहे. फोनच्या लक्समीटर अ‍ॅपने पानाच्या उंचीवर लक्स (उजेडाचं एकक) मोजा, ७० ने भागा, दिवा चालू असण्याच्या तासांनी आणि ०.००३६ ने गुणा. हा झाडाचा दिवसाचा प्रकाश, दर चौरस मीटरला मोलमध्ये (मोल म्हणजे प्रकाशकण मोजायचं एकक). मनी प्लांटला २ ते ४ पुरतात, तुळशीला १० तरी हवेत. (हे गणित पांढऱ्या प्रकाशाचं; जांभळ्याखाली लक्समीटर फार कमी आकडा दाखवतो.) चार फुटी, २० वॅटचा एक बॅटन (ट्यूबसारखा लांब पांढरा एलईडी) फूटभर रुंदीच्या फळीवर २० सेंटीमीटर उंचीवर टांगला तर ३५०० लक्सच्या आसपास मिळतात. १२ तासांत सव्वादोन मोलच्या आत-बाहेर, म्हणजे मनी प्लांटचं भागलं. तुळशीसाठी असे चार बॅटन शेजारी शेजारी आणि १४ तास. त्यापेक्षा खिडकीतलं ऊन केव्हाही स्वस्त.

"हजार वॅट" असं छापलेल्या ग्रो लाइट पॅनेलवर विसंबू नका. प्लगला वॅटमीटर लावा. प्रत्यक्ष खप बहुधा त्याच्या पाव हिश्शाइतकाही नसतो.

"चोवीस तास": सतत उजेडात टोमॅटोची पानं पिवळी पडून डागाळतात. साधा टायमर लावून १२ ते १४ तास पुरे. शेवंतीचं आणखी वेगळं आहे: तिला कळ्या धरायला लांब, अखंड रात्र लागते. फुलणं लांबवायचं असेल तर शेतकरी तिच्या मळ्यात मुद्दाम रात्री बल्ब लावतात. घरच्या शेवंतीला फुलं हवी असतील, तर संध्याकाळनंतर तिच्यावर हॉलचा दिवाही पडू देऊ नका.