घड्याळ चोरीला गेलंय? आधी भाव काढा

घड्याळ गेलं की ठाण्यात जा. ‘किती वाजता गेलं?’ असं हवालदार विचारतील आणि तुम्ही सवयीने मनगट वर कराल. रापलेल्या हातावर पट्ट्याएवढी गोरी पट्टी दिसेल. तुमच्याकडे पुरावा म्हणून तेवढीच उरली आहे, तेव्हा काही दिवस उन्हात फिरू नका.

मग हद्द. लोकलमध्ये गेलं असेल तर लोहमार्ग पोलीस, जिना उतरल्यावर गेलं असेल तर शहर पोलीस. कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो, हे वाचलं असलं तरी बोलून दाखवू नका. जाणकार फिर्यादीला बाकावर जास्त वेळ बसावं लागतं.

‘चोरी’ हा शब्द तर चुकूनही नको. चोरी म्हटलं की चोर आला, चोर आला की तपास आला. ‘गहाळ’ म्हणा. घड्याळ आपल्या पायांनी गेलं, सगळे सुखी.

हट्टच असेल तर किंमत सांगावी लागेल. बाबांचं एचएमटी जनता, रोज सकाळी चहाचं आधण ठेवलं की ते चावी द्यायचे, आठवी फिरकी जरा जपून. हे सगळं पोटात ठेवा, अर्जात त्याला रकाना नाही. बिल आहे का? नाही. कंपनीकडून आणाल? तिचं घड्याळांचं दुकान सरकारने २०१६ मध्येच गुंडाळलं. आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खालच्या चोरीत खरी गंमत आहे: ऐवज ५,००० रुपयांहून कमीचा असेल, तर गुन्हा अदखलपात्र. दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास नाही. पहिलटकर चोराने माल परत केला, तर त्याला शिक्षा समाजसेवेची. (तुम्ही ठाण्यात घातलेले चार तास समाजसेवेत धरत नाहीत. मी विचारून पाहिलं.)

तेव्हा शुक्रवारी पहाटे मुंबईच्या चोर बाजारात जा. चादरीवरच्या जुन्या घड्याळांत अगदी तुमच्यासारखं एखादं दिसेलच. विक्रेता ‘साडेपाच हजार’ म्हणाला, तर मराठी माणसाचा जन्मजात स्वभाव आवरा आणि घासाघीस अजिबात करू नका. चार हजारांवर सौदा ठरला, तर गुन्हा तिथेच अदखलपात्र झाला म्हणून समजा. उलट वरचे दोनशे द्या, पण भाव कागदावर लिहून घ्या.