आवाजाचं काय?
विद्यार्थ्यांनी लघुपट कसा बनवावा यावरच्या तुमच्या लेखात कॅमेरा आणि लेन्सवर भरभरून लिहिलंय, पण असे लघुपट मार खातात ते आवाजात. आमच्या कॉलेजच्या फिल्मचं शूटिंग मित्राच्या स्वयंपाकघरात होतं. फ्रिज बंद, पंखा बंद, सगळे घामाघूम, आणि नेमका भावुक संवाद आला की शेजारच्या कुकरची शिट्टी! शेवटी त्या काकूंनाच चहाला बोलावून बसवलं. प्रत्येक सीननंतर अर्धा मिनिट कुणीही न हलता खोलीचा नुसता आवाज रेकॉर्ड करायचा, हे साउंडवाली मुलगी दटावून करून घ्यायची. एडिटिंगला वेगवेगळे टेक (एकाच शॉटची पुन्हा पुन्हा केलेली चित्रीकरणं) जोडताना आवाजात पडणाऱ्या फटी बुजवायला तोच कामी आला.

पैशांअभावी चांगला लघुपट होत नाही, हे लेखातलं बजेटचं रडगाणं मात्र पटलं नाही. एफटीआयआय या पुण्याच्या चित्रपट प्रशिक्षण संस्थेतल्या चिदानंद नाईक यांच्या ज्या लघुपटाला २०२४ मध्ये फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात 'ला सिनेफ' या विद्यार्थी-चित्रपटांच्या विभागाचं पहिलं बक्षीस मिळालं, त्याचं शूटिंग ४ दिवसांत उरकलं होतं.