विळीवरचा पाय, फळीवरचा पाय

देवगडच्या ताई, उत्तराला चार दिवस लागले. तुमचं निम्मं म्हणणं पटलं होतं, ते पचायला वेळ गेला.

तुमचे आरोप दोन. ‘आयर्न शेफ’ या टीव्हीवरच्या जपानी पाकस्पर्धेवरच्या लेखात मी जपानी शेफ मोरीमोतोला देव्हाऱ्यात बसवलं आणि अमेरिकी शेफ बॉबी फ्लेच्या विजयावर पांघरूण घातलं, हा एक. दुसरा असा: ‘आपल्याकडे बाई विळीवर पाय रोवूनच मासळी कापते. मग फ्ले लढतीत कापायच्या फळीवर चढला तर काय बिघडलं?’

पहिला आरोप मान्य. २००० साली न्यूयॉर्कला कुर्ल्यांची, म्हणजे खेकड्यांची, लढत मोरीमोतोने जिंकली आणि मी तिथेच लेख आवरला. २००१ मध्ये जपानात पुन्हा जुंपली तेव्हा समोर शेवंड होती आणि बाजी फ्लेने मारली. न्यूयॉर्कला तर बिचाऱ्याला भर लढतीत विजेचा झटका बसला होता, तरी तासाभरात पदार्थ मांडले. तेही मी गाळलं. पुढे कार्यक्रमाच्या अमेरिकी अवतारात दोघंही आयर्न शेफ झाले, म्हणजे वैर काही जन्माचं नव्हतं.

दुसऱ्यावर मात्र भांडणार. आमची काकी सुरमई कापायला बसते तेव्हा विळीच्या पाटावर तिचा पाय असतोच. नाहीतर विळी हलेल आणि बोट जाईल. पण काम झालं की ती पातं धुते, पुसते, विळी आडवी करून भिंतीशी ठेवते. मग येता-जाता कुणाचा पाय त्याच विळीला लागला, तर वाकून नमस्कार करायला लावते. लहानपणी मी विचारलंही होतं, ‘तुझा पाय चालतो, माझा का नाही?’ ‘माझो कामाक होतो,’ एवढंच म्हणाली आणि खवले काढत राहिली.

न्यूयॉर्कला फ्ले फळीवर चढला तो लढतीच्या शेवटी, हात उंचावून, प्रेक्षकांच्या टाळ्यांसाठी. जपानी स्वयंपाक्याला सुरी आणि फळी पवित्र. मोरीमोतो म्हणाला, हा शेफच नाही. तुम्ही याला ढोंग म्हणता. मला तो काकीचाच राग वाटतो, फक्त कॅमेऱ्यासमोर आलेला.

आणि गंमत बघा, २००१ला फ्लेने आधी फळी खाली फेकली, मग ओट्यावर चढला. माफी की खोडी? मला तरी खोडीच दिसते, पण बोलणं मनाला लागलं होतं हे नक्की.

शेवंडीची ओळ आज मूळ लेखात घालतो. शीर्षक मात्र तेच राहील.