अ‍ॅडॅप्टर आणायला जाताना व्हर्नियर घरीच ठेवा

टिपरच्या गिअरबॉक्सला पीटीओ, म्हणजे इंजिनाची ताकद बाहेर घ्यायचा जोड, आहे, हायड्रॉलिक पंप आणून ठेवलाय आणि दोघांची तोंडं काही केल्या जुळत नाहीत, म्हणून मधे जोडायला अ‍ॅडॅप्टर हवाय. काळजी करू नका. भोसरी ते चाकण या पट्ट्यात ज्याला यावर मत नाही असा माणूस मला अजून भेटलेला नाही, आणि त्यातल्या निम्म्यांनी पंप उघडून पाहिलेला नाही. सल्ला त्यांचाच घ्या.

मुख्य पथ्य एकच: मोजायचं नाही. व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं हत्यार, काढला की माणूस संशयी दिसतो. त्यापेक्षा ग्रीसने माखलेल्या फ्लँजचा, म्हणजे बोल्ट बसतात त्या चपट्या तोंडाचा, फोटो काढा, शेजारी पट्टी न ठेवता, आणि दुकानदाराला पाठवा: 'याचा अ‍ॅडॅप्टर पाहिजे, अर्जंट.' तो विचारेल, दोन बोल्टचा की चार? सांगा, 'टिपरचा.' बिचारा ओळखून घेईल.

कारण मोजलं की भानगडी सुरू होतात. ट्रकच्या युरोपी पद्धतीच्या पीटीओला 80 मिमीचा पायलट (पंप मध्यावर बसवणारा गोल खाचा), 80 बाय 80 च्या चौकोनात चार बोल्ट आणि आत आठ दातांची स्प्लाईन, म्हणजे शाफ्ट अडकवणारे खोबणीचे दात. पंप एसएईचा, म्हणजे अमेरिकी मापांचा, निघाला तर बहुधा दोनच बोल्ट, आणि पायलट 'ए' मापाला 82.55, 'बी'ला 101.6, 'सी'ला 127. इंचात हे सरळ सव्वातीन, चार, पाच आहेत, पण आपण मिलीमीटरची माणसं. त्यात मेट्रिक फ्लँजचे 80, 100 आणि 125 चे पंप त्याच कपाटात ठेवलेले असतात. 100 चा पंप 101.6 च्या बोअरमध्ये घालून बघा, काय सुरेख बसतो! पुण्याच्या पीएमपी बसच्या सीटवर चौथा माणूसही असाच बसतो. बोल्टची भोकं तेवढी हटून बसतात, एकाच्या दोन भोकांत 140 मिमीचं अंतर, दुसऱ्याच्या 146 चं. म्हणजे दोन्ही बाजूंनी तीन-तीन मिमी. मग कानस कशासाठी असते?

दातांचंही तसंच. एसएई 'सी'चा सव्वा इंची शाफ्ट म्हणजे 31.75 मिमी आणि पीटीओची स्प्लाईन 32 ची. पाव मिलीमीटरवरून कशाला वाद घालायचा? एकीकडे चौदा दात, दुसरीकडे आठ, ही बारीकसारीक गोष्ट सोडून द्या.

आता फिरण्याची दिशा. इथे भल्याभल्यांची दांडी उडते, त्यामुळे तुमचीही उडायला हरकत नाही. पीटीओकडे तोंड करून पाहिलं की शाफ्ट घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो, म्हणून पंपही काट्याच्या दिशेचाच मागवा. पंपाची दिशा त्याच्या शाफ्टकडून बघून ठरवतात, त्यामुळे समोरासमोर जोडले की एकाचं उजवं ते दुसऱ्याचं डावं होतं, असं कोणी सांगू लागलं तर त्याला चहा पाजा आणि विषय बदला. काही जण तर अ‍ॅडॅप्टर दिशाही फिरवून देईल या आशेवर असतात. तो नुसता दातांचा डबा आहे हो, त्यात गिअर नाहीत. उलटा फिरलेला गिअर पंप तुम्हाला जास्त वेळ ताटकळत ठेवत नाही. सक्शनच्या बाजूला प्रेशर येतं, शाफ्टचं ऑईल सील बाहेर फेकलं जातं आणि सगळं तेल जमिनीवर. ज्या पंपांना दोन सील असतात त्यांच्या मधे गळती दिसावी म्हणून एक बारीक भोक असतं. ते आधीच एम-सीलने बुजवून टाका. दिसलंच नाही तर गळती कसली?

ताकदीचा हिशेबही नको. पंपाचे सीसी (एका फेरीत ढकललेलं तेल) गुणिले दाबाचे बार, भागिले 62.8, आला शाफ्टवरचा पीळ न्यूटन-मीटरमध्ये. 82 सीसीचा पंप 200 बारवर म्हणजे जवळपास 261. मोबाईलवर पाच सेकंदांत होतं, म्हणूनच कोणी करत नाही. अंगठ्याएवढ्या 16 मिमीच्या नऊ दाती शाफ्टवर हे सगळं टाका आणि देवाचं नाव घ्या.

पंप लोखंडी आणि जड असेल तर त्याला मागून आधार लागतो, त्यातून अ‍ॅडॅप्टर लांबडा असेल तर जास्तच. हा आधार थेट चासीला वेल्ड करा. गिअरबॉक्स रबर माउंटवर हलतो, चासी आपली वेगळी हलते, पंप मधे लटकतो. ब्रॅकेट गिअरबॉक्सलाच बांधायचा असतो हे मलाही माहीत होतं, पण त्या दिवशी वेल्डर चासीजवळ बसला होता.

ती माझीच गाडी. अ‍ॅडॅप्टर मी जुन्या बाजारातून रविवारी उचलला होता, वजनावर. टर्नरकडे नेला आणि भीतभीत व्हर्नियर काढला, तर तो म्हणाला, "मालक, सोनं तोलताय का?" लाजेने व्हर्नियर परत खिशात. स्प्लाईनला काळं मॉली ग्रीस चोपडायचं तेही राहिलं, कारण डबा वरच्या फळीवर होता. दोन महिन्यांनी मोशीला खडीने भरलेली गाडी उभी, पीटीओ टाकला की आतून खर्रर्र आवाज, हौदा जागचा हलेना. पंप उतरवला तर गेरूसारखी लाल पूड मांडीवर सांडली. ते माझ्या स्प्लाईनचे दात होते. जिथे दात होते तिथे आता हात फिरवला तर गुळगुळीत, तान्ह्या बाळाच्या हिरड्यांसारखं.

चार माणसं आणि चार फावडी लावून खडी उतरवली. संध्याकाळी दुकानदाराला तावातावाने फोन केला. तिकडून शांतपणे प्रश्न आला, "दादा, ग्रीस मारलं होतं का?" मी कॉल कट केला. तुम्हीही तेच करा, आणि नवा अ‍ॅडॅप्टर मागवायचा असेल तर दुसऱ्या नंबरवरून फोटो पाठवा.