चांगली अंडाशयं काढायला सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

आमच्या तालुक्यातल्या बचत गटांच्या व्हॉट्सॲपवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. ‘माता-भगिनींनो, लेकरं झाली की पिशवीचं काम संपतं. अंगावरून पांढरं जाणं ही कॅन्सरची सुरुवात. पिशवी काढून टाका, सोबत दोन्ही अंडाशयंही काढा. पिशवी गेली की ती वाळतात आणि मग त्यांचाच कॅन्सर होतो. ऑपरेशननंतर शेतात दुप्पट काम होतं.’ खाली ना डॉक्टरचं नाव, ना गाव. तरी तो माझ्या वहिनीपर्यंत पोचला. वय 39, पिशवीत गाठ, पाळीला दहा-दहा दिवस रक्त जातं. कापूस निघाला, आता पेरणीच्या आत ऑपरेशन उरकायचं असं घरात ठरत होतं. मेसेज वाचून मला म्हणते, “एकाच खेपेत सारंच काढून टाकतो बाई, मांगून झंझट नोको.”

मी तिची फाईल उघडली. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर स्पष्ट छापलेलं: ‘बोथ ओव्हरीज नॉर्मल’. आणि ॲडमिशनच्या चिठ्ठीवर पेनाने लिहिलेलं: ‘टीएएच विथ बीएसओ’. टीएएच म्हणजे पोटावर चिरा घेऊन पूर्ण पिशवी काढणं, आणि बीएसओ म्हणजे दोन्ही बाजूंच्या नळ्या आणि दोन्ही अंडाशयं काढणं. हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. चांगली अंडाशयं का काढायची, याचं कारण फाईलमध्ये कुठेही नव्हतं.

म्हणून आधी अंडाशयांचंच बोलते. मेसेजमधली सगळ्यात घातक गोष्ट तीच आहे.

पिशवी काढली की अंडाशयं वाळतात, हे खोटं. अंडाशयाची स्वतःची धमनी पोटातल्या मुख्य धमनीपासून, मूत्रपिंडांच्या जवळून निघते आणि खाली उतरते. पिशवी काढताना अंडाशयं ठेवली तर ही धमनी तशीच राहते. पाळी बंद होते ती रक्त जायला पिशवी उरली नाही म्हणून. अंडाशयं आपलं काम करत राहतात. यात खरं आहे ते एवढंच, की पिशवीकडून येणारा रक्ताचा वाटा तुटतो आणि काही बायकांची रजोनिवृत्ती थोडी लवकर येते. पण दोन्ही अंडाशयं काढली तर ती ऑपरेशनच्या टेबलावरच येते. आपल्याकडे साधारण 46-47 ला पाळी जाते. 39 व्या वर्षी इस्ट्रोजेन, म्हणजे अंडाशयात तयार होणारं हार्मोन, एकाएकी बंद झालं, तर अंगातून वाफा निघणं आणि झोप उडणं लगेच सुरू होतं. हाडं ठिसूळ होणं आणि हृदयाचा त्रास मागून येतो. इतक्या लवकर अंडाशयं काढावी लागलीच, तर बहुतेकींना पाळी जायच्या वयापर्यंत हार्मोनची गोळी द्यावी लागते. आमच्या भागातल्या किती बायकांना ती कोणी लिहून दिली? मी विचारलं त्यांतल्या एकीनेही तिचं नाव ऐकलं नव्हतं.

आणि ज्या कॅन्सरची भीती घालतात, त्याचा हिशेब झालेला आहे. पिशवी काढलेल्या 29,380 अमेरिकन परिचारिकांचा 24 वर्षं पाठपुरावा केलेला अभ्यास 2009 मध्ये छापून आला. त्यातल्या 13,035 जणींनी अंडाशयं ठेवली होती. अंडाशयाच्या कॅन्सरने त्यांतल्या 34 गेल्या. अंडाशयं काढलेल्यांमध्ये हा कॅन्सर आणि स्तनाचा कॅन्सर कमी दिसला, हे मान्य करते. पण हृदयविकार आणि एकूण मृत्यू त्यांच्यातच जास्त होते. कुठल्याही वयोगटात अंडाशयं काढल्याने आयुष्य वाढलेलं दिसलं नाही. त्या परिचारिका आपल्यासारख्या निंदण-वेचणीला जाणाऱ्या नव्हत्या, पण आपली हाडं आणि हृदय काही जास्त टणक नाहीत.

घरात आई, बहीण, मावशी यांना अंडाशयाचा किंवा कमी वयात स्तनाचा कॅन्सर झाला असेल, रक्ताच्या तपासणीत बीआरसीएचा (हे कॅन्सर होण्याचा धोका वाढवणारा, घराण्यातून येणारा जनुकाचा) दोष निघाला असेल, किंवा अंडाशयावरच संशयास्पद गाठ असेल, तर काढणं योग्य ठरू शकतं. बाकीच्यांनी डॉक्टरांना विचारावं की अंडाशयं ठेवून फक्त नळ्या काढता येतील का. या कॅन्सरचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार बहुतेक वेळा नळीच्या टोकाशी सुरू होतो, असं आता मानलं जातं.

पांढरं जाण्याबद्दल. थोडं पांढरं जाणं नैसर्गिक आहे. वास, खाज असेल तर ते बहुतेकदा जंतुसंसर्गाचं असतं आणि औषधाने बरं होतं. कधीकधी नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं. रक्तमिश्रित जात असेल किंवा संबंधानंतर रक्त जात असेल तर मात्र लगेच तपासा. तिशीनंतर गर्भाशयाच्या तोंडाची व्हिनेगर लावून करायची तपासणी सरकारी दवाखान्यात होते. ती न करता कॅन्सरचं नाव घेऊन पिशवी काढायला सांगणाऱ्याचं ऐकू नका. बीडमध्ये काय झालं ते आठवा: 2019 च्या सरकारी पाहणीत सुमारे 82 हजार ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. विनाकारण पिशवी काढणं थांबवा, असं सुप्रीम कोर्टाने एप्रिल 2023 मध्ये सगळ्या राज्यांना बजावलं आहे.

लेकरं झाल्यावर पिशवी गरोदरपणासाठी लागत नाही, हे बरोबर. म्हणून ती आपोआप सडत नाही. वहिनीचं हिमोग्लोबिन 8 आहे, रक्त थांबवायच्या गोळ्या घेऊन झाल्या, हार्मोनची तांबीही बसवून पाहिली. तिने पिशवी काढायचं ठरवलं तर मी तिच्यासोबत जाईन. पण त्याआधी सेवाग्रामच्या रुग्णालयात किंवा यवतमाळच्या सरकारी मेडिकलला दुसरा सल्ला घेऊ, आणि संमतीपत्रावर ‘दोन्ही अंडाशयं ठेवावीत’ हे लिहून घेतल्याशिवाय ती सही करणार नाही.

राहिलं दुप्पट काम. पोटावर चिरा घेऊन केलेल्या ऑपरेशननंतर साधारण सहा आठवडे जड उचलायचं नसतं. म्हणजे पाण्याचा हंडा नाही, सरपणाचा भारा नाही, खताची टोपली नाही. पेरणीच्या तोंडावर ऑपरेशन ठेवलं तर हे सगळं तिच्याच डोक्यावर येणार, म्हणून तारीखही पुढे ढकलायला सांगितली आहे. दादाला हे तोंडावर सांगून झालं.